गिअरबॉक्सचे तेल : घरी बदलावे की गॅरेजमध्ये?



या सदरात आतापर्यंत नळाचा वॉशर, कुलरचा पंप, शिलाई मशीनची देखभाल अशा घरातल्या कामांवर लिहिले. या वेळी एका भगिनीच्या पत्राने मला घराबाहेर, दारात उभ्या असलेल्या गाडीकडे नेले आहे. त्या लिहितात, "आमच्याकडे जुनी, वापरलेली घेतलेली छोटी गाडी आहे. सकाळी पहिला आणि दुसरा गिअर फार जड पडतो. गॅरेजवाले गिअर ऑइल बदला म्हणतात. माझे पती आणि मुलगा म्हणतात, घरीच बदलू, यूट्यूबवर सगळे आहे. मला भीती वाटते. करू द्यावे का?"

प्रश्न चांगला आहे, आणि त्यात भीतीही योग्य जागी आहे. माझे उत्तर असे : काम घरी होण्यासारखे आहे. त्यात तेलाचे काम सोपे आहे, गाडीखाली जाण्याचे काम सोपे नाही. हे दोन वेगळे करून समजून घेतले, तर कोणते आपण करायचे आणि कोणते उस्तादावर सोडायचे हे प्रत्येक घराला ठरवता येईल.

आधी खात्री : दोष तेलाचाच आहे का?

गिअर जड पडला की तेल बदला, असा सल्ला सर्रास मिळतो. पण तेल बदलण्याआधी पाच मिनिटे खर्चून तीन गोष्टी बघा.

पहिली : इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत गिअर अलगद पडतात आणि इंजिन चालू केले की अडतात, रिव्हर्सला खरखर होते, असे असेल तर संशय क्लचवर घ्या. क्लच पूर्ण सुटत नसेल तर जगातले कोणतेही तेल उपयोगाचे नाही. केबल किंवा प्लेट तपासून घ्या.

दुसरी : सकाळी जड, आणि दहा-पंधरा मिनिटे गाडी चालल्यावर हलका, असे होत असेल तर तेलाकडे बोट दाखवायला जागा आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा जुने किंवा चुकीचे जाड तेल चिक्कीच्या पाकासारखे वागते.

तिसरी : एकाच गिअरला दर वेळी खर्र होत असेल, किंवा ठराविक गिअरमध्ये गाडी रडल्यासारखा बारीक आवाज काढत असेल, तर आत काही झिजलेले आहे. नव्या तेलाने आवाज थोडा दबेल, रोग जाणार नाही. अशा गाडीचे तेल बदलून विकणारे लोकही बाजारात असतात, म्हणून जुनी गाडी घेताना ती थंड असतानाच चालवून बघावी.

हे तेल करते तरी काय?

इंजिन ऑइल सर्वांना माहीत आहे, कारण ते दरवर्षी बदलले जाते. गिअरबॉक्सच्या तेलाचे नाव अनेक घरांत गाडी विकेपर्यंत निघत नाही. दोन्हींत फरक आहे. इंजिनात इंधन जळते, काजळी तेलात उतरते, म्हणून ते लवकर काळे पडते. गिअरबॉक्समध्ये काहीच जळत नाही. तिथे पोलादी दाते एकमेकांवर घासतात, दाबतात, आणि त्यांच्या मध्ये तेलाची एक पातळ चादर असते. ती चादर आहे तोपर्यंत लोखंड लोखंडाला शिवत नाही. वर्षानुवर्षे दात्यांनी कातरून कातरून तेलाची जाडी बदलते, त्यात मिसळलेली संरक्षक द्रव्ये संपत जातात आणि झिजलेल्या धातूची बारीक पूड त्यात फिरत राहते. बिघाड हळू होतो, म्हणून तो जाणवत नाही.

आत आणखी एक नाजूक वस्तू असते. तिचे नाव सिंक्रोनायझर. दोन वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या चाकांना जोडायचे तर आधी त्यांची गती एक करावी लागते. हे काम बहुधा पितळी असलेली एक कडी करते. ती चाकाच्या निमुळत्या भागावर घासून त्याला आपल्या गतीवर आणते, आणि मग दाते अलगद बसतात. हे तंत्र 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत प्रथम आले. त्याआधी, आणि आपल्याकडच्या जुन्या ट्रकांत त्यानंतरही कितीतरी वर्षे, चालकाला हे काम पायाने करावे लागे. जुन्या ड्रायव्हर मंडळींकडून ऐकलेले "डबल क्लच" ते हेच : क्लच दाबून न्यूट्रल, सोडून थोडा रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. आता ते कसब पितळेच्या एका कडीने घेतले आहे. त्या कडीला तेलही हवे आणि थोडे घर्षणही हवे. तेल फारच निसरडे झाले तर ती घासणार कशी? तेलाची निवड महत्त्वाची का, याचे उत्तर इथे आहे.

कोणते तेल : नव्वद नंबर मागू नका

दुकानात जाऊन "गिअर ऑइल द्या" म्हटले की पुष्कळदा "ई.पी. नव्वद" पुढे येते. माझ्या समजुतीप्रमाणे ही सवय आपल्या गाड्यांच्या इतिहासातून आली आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी असो की अॅम्बेसेडर, त्यांत इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना होती. गिअरबॉक्स वेगळा, मागचा डिफरन्शियल वेगळा. डिफरन्शियलच्या तिरक्या दात्यांवर प्रचंड दाब येतो, त्याला जाड आणि तीव्र द्रव्यांचे तेल लागते. ट्रकांचेही तसेच. मिस्त्री लोकांचा हात त्या तेलावर बसला. मग 14 डिसेंबर 1983 ला पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती गेली, आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी घरोघर पोचली. या रचनेत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच ॲल्युमिनियमच्या पेटीत, एकाच तेलात असतात. गाडी बदलली, दुकानातली हाक मात्र काही ठिकाणी तीच राहिली.

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात.

एक, जाडीचा आकडा : 75W-80, 75W-85, 75W-90, 80W-90 असा. पहिला आकडा थंडीतले वागणे सांगतो, दुसरा तापल्यावरची जाडी. आणि घाबरू नका : गिअर ऑइलचा 90 आणि इंजिन ऑइलचा 40 हे आकडे वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत. 75W-90 गिअर ऑइल तापल्यावर साधारण 40 नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच जाड असते. कापडाच्या मीटरने आणि गजाने मोजल्यासारखे आहे हे.

दोन, जीएल हा वर्ग. जीएल-4 आणि जीएल-5 यांत पाचवा म्हणजे चौथ्यापेक्षा भारी, असे अनेकांना वाटते. दुकानदारही "सर, हे वरचे आहे" म्हणून देतात. पण शाळेतल्या इयत्तांसारखे हे नाही. जीएल-5 मध्ये गंधक आणि फॉस्फरसची द्रव्ये जास्त असतात. ती डिफरन्शियलच्या दात्यांना वाचवतात, पण पितळी कडीला काही तेलांत ती मानवत नाहीत, आणि अति निसरडेपणामुळे गिअर पुन्हा खरखरू लागतो. ज्या गाडीच्या पुस्तिकेत जीएल-4 लिहिले आहे तिला जीएल-4 च द्या. काही तेलांवर दोन्ही वर्ग छापलेले असतात. तिथेही गाडीच्या पुस्तिकेचा शब्द शेवटचा माना. काही कंपन्या तर गिअरबॉक्ससाठी स्वतःचे खास तेल सांगतात.

पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष टाकून बहुधा मिळते. त्यातून तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या : तेलाचा प्रकार, किती लिटर, आणि किती किलोमीटरवर बदलायचे. छोट्या गाड्यांना साधारण दोन लिटरच्या आसपास तेल लागते, पण अंदाजाने नव्हे, आकड्याने विकत घ्या. काही पुस्तिकांत बदलण्याची मुदतच दिलेली नसते. तरीही वापरलेली गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे नोंद नसेल, तर एकदा तेल बदलून स्वतःची नोंद सुरू करणे शहाणपणाचे.

एक इशारा : हे सगळे हाताने गिअर टाकण्याच्या गाड्यांविषयी आहे. क्लच नसलेल्या स्वयंचलित गाड्यांचे तेल, त्याची पातळी मोजण्याची रीत, सारे वेगळे आहे. 2014 पासून सेलेरियो आणि नंतरच्या अनेक गाड्यांत आलेल्या एएमटीमध्ये आत साधाच गिअरबॉक्स असतो, पण तो हलवणारी यंत्रणा वेगळी असते. या दोन्ही गाड्या घरी उघडू नयेत.

गाडीखाली जाण्याआधी

आता त्या भगिनीच्या भीतीकडे येतो. गाडीसोबत मिळणारा जॅक पंक्चर झालेले चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर कुणीही, एका मिनिटासाठीसुद्धा, गाडीखाली डोके घालायचे नाही. हा जॅक घसरतो, वाकतो, आणि ज्याच्या अंगावर गाडी येते त्याला पुन्हा सांगायला संधी मिळत नाही. दर वर्षी तेल बदलणारे कुशल हातसुद्धा इथे माफ होत नाहीत.

गाडी उचलायची तर जॅकने उचलावी आणि लोखंडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकवावी. घोडी पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लागते. विटा, सिमेंटचे ठोकळे, दगड यांवर गाडी ठेवू नका. सिमेंटचा ठोकळा वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतो. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावा, हँडब्रेक ओढा. टेकवल्यावर गाडीला बाहेरूनच जोराने हलवून बघा. हलली तर खाली जायचे नाही.

आपल्या नागपुरात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे काळी माती. अंगणात फरशी नसेल तर पावसाळ्यात घोडीचे पाय जमिनीत उतरतात. पेव्हर ब्लॉकही एका बाजूला दबतात. खाली जाड फळी किंवा पोलादी पत्रा ठेवा, नाहीतर कोरड्या, पक्क्या, सपाट जागेवरच काम करा. उतारावर अजिबात नाही.

काम एकट्याने करू नये. दुसरी मोठी व्यक्ती शेजारी उभी हवी, तिच्या हातात फोन हवा. लहान मुले गाडीपासून दूर, आणि गाडीची किल्ली खिशात. आणि वेळ? मे महिन्यात दुपारी तापलेल्या लोखंडाखाली पडायची काही गरज नाही. मे 2013 मध्ये या शहराचा पारा 47.9 अंशांवर गेला होता, ते विसरलेले नाही. फज्रनंतरचे दोन तास या कामाला पुरतात आणि मन शांत असते.

इतके वाचून "आमच्याकडे घोड्या नाहीत, जागा सपाट नाही" असे वाटले तर तेल आणि पुस्तिका घेऊन, जिथे खड्डा किंवा लिफ्ट आहे अशा गॅरेजात जा, आणि समोर उभे राहून करून घ्या. त्यात कमीपणा नाही. काही गाड्यांत पुढचे चाक पूर्ण वळवले की गिअरबॉक्सचे बोल्ट चाकाच्या कमानीतून दिसतात आणि गाडी न उचलताही हात पोचतो. आपली गाडी तशी आहे का, ते आधी टॉर्च लावून बघा.

काम, क्रमाने

गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणा. कोमट तेल लवकर आणि पूर्ण निघते, गाळही सोबत येतो. लांबच्या प्रवासाहून आल्या आल्या मात्र नको, हात भाजेल. थंडीचे दिवस असतील तर नव्या तेलाचे डबे अर्धा तास उन्हात ठेवा.

गिअरबॉक्स ओळखा. चाकांकडे जाणारे दोन दांडे, म्हणजे ॲक्सल, ज्या पेटीतून निघतात ती पेटी गिअरबॉक्स. ज्या बाजूला तेलाचा गोल फिल्टर आहे ते इंजिन. घाईत इंजिनाचा बोल्ट उघडून इंजिन ऑइल सांडणारे आणि मग गिअरबॉक्समध्ये दुप्पट तेल भरणारे लोक गॅरेजवाल्यांच्या रोजच्या गप्पांत असतात.

पेटीला दोन बोल्ट असतात. वरचा भरण्याचा, जो बहुतेक गाड्यांत पातळीही दाखवतो. खालचा काढण्याचा. कामठी रोडला माझा एक जुना विद्यार्थी गाड्यांची कामे करतो. त्याने मला एक वाक्य सांगितले, तेच वहीत पहिल्या ओळीला लिहा : "सर, पहिले वरचा बोल्ट खोला. तो खुलला नाही, तर खालच्याले हात लावू नका." कारण उघड आहे. खालून तेल काढले आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी गॅरेजपर्यंत चालवताही येत नाही.

बोल्टला नेमका बसणारा रिंग पाना किंवा सॉकेट वापरा. उघड्या तोंडाचा पाना आणि पकड यांनी कडा गोल होतात. काही गाड्यांना आत चौकोनी खाच असते, तिला तसाच पाना लागतो. आजूबाजूची धूळ आधी ब्रशने झाडा, नाहीतर ती तेलात जाईल.

खाली रुंद घमेले ठेवा. खालचा बोल्ट शेवटचे आटे हाताने, आतल्या बाजूला दाबून ठेवत फिरवा आणि मग झटकन बाजूला घ्या. तेल आधी लांब उडते, नंतर जवळ पडते, म्हणून घमेले थोडे सरकवावे लागते. हातमोजे घाला. पंधरा मिनिटे थेंब थेंब निघू द्या.

बोल्ट आणि बोल्टची जागा स्वच्छ पुसा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर असेल तर नवा घाला. किंमत अगदी थोडी, आणि जुना दबलेला वॉशर पुढे महिनोन्महिने ठिबकत राहतो. बोल्ट आधी हाताने आटे लावून बसवा, मग पान्याने कसा. पेटी ॲल्युमिनियमची आहे. अंगाचा जोर लावला तर आटे उडतात आणि दोन लिटर तेलाचे काम पेटीच्या दुरुस्तीपर्यंत जाते. टॉर्क दाखवणारा पाना मिळाला तर पुस्तिकेतल्या आकड्यावर थांबा.

भरण्यासाठी गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी उत्तम. एक टोक वरच्या भोकात, दुसरे बॉनेटमधून वर काढून नरसाळ्याला. तेल दाट असते, सावकाश उतरते. एकाने नरसाळे धरायचे, दुसऱ्याने खाली लक्ष ठेवायचे. मुलाला किंवा मुलीला या कामात घ्या, पण नरसाळ्याच्या बाजूला.

किती भरायचे? गाडी पूर्ण सपाट असेल तर वरच्या भोकातून तेल ओघळू लागले की पुरे. थांबा, ओघळ बंद होऊ द्या, मग बोल्ट लावा. पण पुढचा भाग उचललेला असेल तर ही खूण खोटी ठरते : गाडी तिरकी, तेलही तिरके. मग मापाने भरा. पुस्तिकेतला आकडा हा आधार, आणि निघालेले तेल डब्यात मोजून बघितले तर आधीच्या माणसाने कमी भरले होते का तेही कळते. कमी तेलात वरच्या भागातले बेअरिंग उपाशी राहतात. जास्त भरले तर तेल फेसाळते आणि सील मधून वाट काढते.

शेवटी गाडी खाली घ्या, सगळी हत्यारे मोजून पेटीत ठेवा, दोन-चार किलोमीटर सगळे गिअर टाकत चालवा, परत आल्यावर खाली जुना कागद पसरून ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर काम झाले.

निघालेले तेल काय सांगते

बहुतेक गाड्यांच्या खालच्या बोल्टला चुंबक असते. त्यावर करड्या रंगाचा, सुरम्यासारखा मऊ लेप असणे हे साधारण झिजेचे लक्षण आहे. पुसून टाका. बोटाला टोचणारे तुकडे, दात्याचा कोपरा, असे काही असेल तर ते कागदात बांधून मिस्त्रीला दाखवा. तेलात पिवळी चमक दिसली तर पितळी कडी झिजते आहे. तेल दुधाळ झाले असेल तर आत पाणी गेले आहे. पावसाळ्यात पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे होते, आणि मग किलोमीटर न मोजता तेल बदलावे लागते.

समृद्धी महामार्गाने शिर्डीपर्यंतचा रस्ता 11 डिसेंबर 2022 ला खुला झाल्यापासून नागपूरकर घरगुती गाड्या घेऊन तासन्‌तास एकाच गिअरमध्ये, एकाच वेगाने जातात. शहरातल्या गाडीला ही वेगळी परीक्षा असते. त्या प्रवासाआधी टायर आणि कुलंट बघतो, तशी गिअरबॉक्सखाली ओल आहे का, तीही नजर टाकून घ्यावी.

घमेल्यातले दोन लिटर

माझ्या मते या कामातला सर्वांत मोठा प्रश्न काम झाल्यावर उभा राहतो. घमेल्यात दोन लिटर काळे तेल आहे. त्याचे काय?

आपल्या वस्त्यांत त्याची तीन ठरलेली ठिकाणे आहेत. नालीत ओतणे, डास मरतील म्हणून डबक्यावर टाकणे, आणि वाळवी लागू नये म्हणून बाज-दरवाज्याला फासणे. नालीत ओतलेले तेल नजरेआड होते, पण नागपूरची नाली नाग नदीला मिळते. नाग नदी पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात गोसेखुर्दचे धरण आहे. तिथल्या काठांवर शेती आहे, मासेमारी आहे, गुरे पाणी पितात. आपल्या दारातून निघालेले काळे तेल कुणाच्या तरी घागरीच्या दिशेने जात असते. तेल पाण्यावर पसरले की हवेतला प्राणवायू पाण्यात उतरेनासा होतो, आणि तेलातली धातूची पूड गाळात बसते. वुजू करताना वाहत्या पाण्यातही काटकसर करायला शिकवलेल्या आपल्या घरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. लाकडाला फासलेले तेलही हातांना, कपड्यांना आणि रांगणाऱ्या मुलांना लागते.

कायद्याची बाजूही आहे. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले तेल येते. 1 एप्रिल 2024 पासून तर तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. म्हणजे या काळ्या तेलाला किंमत आहे. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येते, मात्र त्यात पाणी, कुलंट किंवा पेट्रोल मिसळलेले नको. म्हणून नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांतच जुने तेल भरा, झाकण घट्ट लावा, वर पेनने "जुने गिअर ऑइल" लिहा आणि जिथे पिंप ठेवून तेल गोळा करतात अशा गॅरेजात द्या. देताना एक प्रश्न विचारा : "भाऊ, हे पुढे कुठे जाते?" दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला, तर अकराव्या वेळी गॅरेजवाला स्वतःच नीट उत्तर शोधून ठेवील.

मग मिस्त्रीचे काय?

एका वाचकाने मागे मला टोकले होते : "सर, तुम्ही सगळेच घरी करायला शिकवता. मग मोमिनपुऱ्यातल्या, जाफरनगरातल्या कारागिरांनी खायचे काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल गॅरेजवर चालते. पण माझा अनुभव असा की, ज्याने एकदा स्वतः गाडीखाली पडून बोल्ट सोडवला आहे, तो मिस्त्रीशी मजुरीवरून घासाघीस करत नाही. त्याला कळते की हे पैसे पाना फिरवण्याचे नसून पाना कुठे थांबवायचा या जाणतेपणाचे आहेत. आणि ज्या मिस्त्रीला माहीतगार गिऱ्हाईक मिळते, तो चुकीचे तेल भरायला धजत नाही. नुकसान होते ते फक्त हुनर नसलेल्याचे.

एक काळजी मात्र शिक्षक म्हणून मांडतो. आठवी-नववीतून मुलगा निघतो आणि गॅरेजात "छोटू" होतो. पाच वर्षांत हात तयार होतो, पण डब्यावरचे 75W-90 आणि जीएल-4 त्याला वाचून समजत नाही. उस्तादाने दाखवला तो डबा उचलायचा, इतकेच. 14 वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, हे मालकांनी आणि पालकांनीही लक्षात ठेवावे. त्यापुढच्या वयाच्या, हाताने चलाख मुलांसाठी रस्ता आहे : दहावी पूर्ण करा आणि आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड घ्या. तिथे मराठीतून शिकता येते. मुलींनाही प्रवेश आहे. कंपन्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला प्रमाणपत्र लागते, आणि स्वतःचे गॅरेज टाकायचे तर कर्जाच्या अर्जालाही ते जोडता येते. उस्तादाकडून मिळालेला इल्म आणि पुस्तकातून मिळालेला इल्म एका हातात आले, तर त्या हाताला कुणी छोटू म्हणणार नाही.

माझा तो जुना विद्यार्थी दहावी झाला, मग आयटीआयला गेला. त्याच्या गॅरेजात भिंतीवर एक फळा आहे. प्रत्येक गाडीच्या नावापुढे तेलाचा प्रकार आणि लिटर खडूने लिहिलेले. शिकाऊ पोराने डबा उचलण्याआधी तो फळा मोठ्याने वाचायचा, असा तिथला नियम आहे. मी विचारले, "बेटा, मोठ्याने कशाला?" तो म्हणाला, "सर, मनातल्या मनात वाचलं तर पोरगं वाचलं का नाही, कसं कळंल?"

घरातही हाच नियम ठेवा. काम सुरू करण्याआधी पुस्तिकेतले पान घरातल्या कुणीतरी मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. काम झाल्यावर तारीख, किलोमीटर आणि तेलाचे नाव एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावे. उद्या गाडी विकली गेली, तर ती चिठ्ठी गाडीबरोबर नव्या घरी द्यावी. पुढच्या माणसाला ते माहीत असणे, हा त्याचा हक्क आहे.